ओव्हाळ आले की

ओव्हाळ आले की चित्र फुटायचं. दुसरं कुणी आलं तर फुटायचं नाही. दूधवाला आला, केबलवाला आला, खालच्या मजल्यावरच्या बाई विरजण मागायला आल्या, तरी टीव्हीवर जिना, कठडा आणि समोरचं बंद दार काळंपांढरं पण स्वच्छ दिसायचं. ओव्हाळ आमच्या उंबऱ्याशी आले की त्या चित्राच्या आडव्या चिरफळ्या व्हायच्या. डोकं एकीकडे, खांदे दुसरीकडे आणि मधून पांढऱ्या रेघा. ते आत येऊन बसले की चित्र हळूहळू पुन्हा जुळायचं.

हे मी बरेच दिवस कुणाला बोललो नाही. माझं निरीक्षण सहसा चुकतं. ठाण्याच्या एका वाचनालयात नोकरी झाली. तिथे एखादं पुस्तक जागेवर नसलं की ते कुणी पळवलं असेल असं माझ्या मनातही यायचं नाही. मीच भलत्या फळीवर ठेवलं असणार, असं वाटायचं. म्हणून मी नुसता बघत राहिलो.

कॅमेरा बसवला होता गुरुदत्तने, माझ्या मुलाने. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि तिकडेच राहतो. कारखान्याच्या फाटकावरचे जुने कॅमेरे काढले, त्यातला एक तो घेऊन आला. निमित्त होतं शालूच्या करंड्याचं. चांदीचा कुंकवाचा करंडा, तिच्या आईने दिलेला. गणपतीत आम्ही कल्याणला तिच्या भावाकडे राहायला गेलो आणि परत येऊन बघतो तर देव्हाऱ्यातून करंडा नाहीसा. बाकी सगळं जागच्या जागी. कुलूपसुद्धा शाबूत.

"कुलूप न फोडता आत येणारा माणूस म्हणजे किल्लीवाला माणूस," गुरुदत्त म्हणाला.

"किल्ली तर ओव्हाळांकडे असते," शालू बोलून गेली आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "तसं नाही रे म्हणायचं मला."

"मी कुठे काय म्हटलं, आई?"

देवराम ओव्हाळ आमच्या समोरच्या दारात राहतात. रेल्वेत गार्ड होते. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला ही इमारत उभी राहिली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आधी दोनच बिऱ्हाडं आली, त्यांचं आणि आमचं. तेव्हापासून आमची एक किल्ली त्यांच्या हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारच्या खिळ्यावर. आम्ही गावाला गेलो की ते येऊन पाणी भरून ठेवायचे, तुळशीला घालायचे. माणूस चांगला उंच. आमच्या घरात हात पुरणार नाही असं जे काही असेल ते त्यांचं काम. दिवाळीचा कंदील टांगणं, माळ्यावरची ट्रंक काढणं, पंखा पुसणं. मी बुटका आहे आणि स्टुलावर चढलो की माझे पाय लटपटतात. मला मित्रही फार नाहीत. खरं सांगायचं तर ते एकच. रोज संध्याकाळी हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन ते यायचे, मी वाचलेलं काहीबाही सांगायचो आणि बातम्या लागल्या की मला हातानेच गप्प करून ते आवाज वाढवायचे.

कॅमेरा बसवताना ते दारात उभे राहून बघत होते.

"यात आमचं दार पण दिसतं का रे, गुरू?"

"दिसतं ना, काका. समोरच आहे."

"बरं झालं. आमच्यावर पण लक्ष राहील," ते म्हणाले आणि हसले.

ते कशासाठी हसले, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला.

कॅमेरा आमच्या दाराच्या वर, बाहेर तोंड करून होता. गुरुदत्तला काम नीटनेटकं लागतं. वायर लोंबकळलेली दिसू नये म्हणून त्याने ती चौकटीच्या माथ्यावरून नेली, तिच्यावर लाकडी पट्टी बसवली आणि पट्टीला चौकटीचाच रंग दिला. पुढे ती भिंतीकडेने हॉलमधल्या टीव्हीला आणि व्हीसीआरला. आमचं दार एका अरुंद बोळात आहे आणि टीव्ही हॉलच्या कोपऱ्यात. दार उघडणाऱ्याला टीव्ही दिसत नाही आणि टीव्हीसमोर बसलेल्याला दार दिसत नाही. आता वाटतं, सगळा घोटाळा या बोळाने केला.

पहिले काही दिवस चित्र उत्तम होतं. मग दसरा आला. ओव्हाळ दर वर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. तसे गेले आणि नागपूरहून परतल्यावर संत्र्याची बर्फी घेऊन आमच्याकडे आले. दार शालूने उघडलं. मी टीव्हीसमोर होतो. त्या दिवशी चित्र पहिल्यांदा फुटलं.

"वहिनी, मी येणार म्हणून हार तयार ठेवलात का?" बोळातून त्यांचा आवाज आला. "दारातच सत्कार!"

"तुम्ही नव्हतात ना इथे. मग जसं जमलं तसं," शालू हसत म्हणाली.

मी हसलो नाही. मी पडद्याकडे बघत होतो. त्यावर ओव्हाळांच्या चेहऱ्याचे तुकडे थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी गुरुदत्तला फोन केला. त्याने फोनवरून उपाय सांगितले आणि मी ते केले. टीव्हीच्या मागच्या पिना दाबल्या. व्हीसीआरमध्ये हेड साफ करायची कॅसेट फिरवली. फ्रिज बंद ठेवून बघितलं, तेव्हा शालूचं दूध नासलं आणि ते मला ऐकावं लागलं. काही फरक पडला नाही. म्हणजे दिवसभर चित्र छान आणि संध्याकाळी ओव्हाळ आले की फुटलेलं.

रविवारी गुरुदत्त स्वतः आला. कॅमेऱ्याकडची पिन बदलली, टीव्हीकडची बदलली, मित्राचा व्हीसीआर आणला होता तो लावून बघितला.

"मधल्या वायरचं काही असेल का?" मी भीतभीत विचारलं.

"मधल्या वायरला काय होणार, बाबा? मी स्वतः पट्टीखाली गाडलीय ती. उंदीर पण जाणार नाही."

मला यातलं कळत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. शालूने दार उघडलं, चित्राच्या चिरफळ्या झाल्या आणि ओव्हाळ ट्रान्झिस्टर घेऊन आत आले. गुरुदत्तने पडद्याकडे बघितलं, मग ट्रान्झिस्टरकडे.

"काका, एक काम करता? तो ट्रान्झिस्टर घरी ठेवून परत या ना."

"का रे बाबा, झडती आहे का? बनियन पण काढू?"

"नाही हो काका, चित्रात गडबड होते. त्यामुळे होते का बघतोय."

ओव्हाळ गेले. रिकाम्या हातांनी आले. चित्र फुटलं.

"सापडली का गडबड?" त्यांनी विचारलं.

"नाही," गुरुदत्त म्हणाला. त्याने वर बघितलं नाही.

त्या दिवशी ओव्हाळ बसले नाहीत.

ते गेल्यावर गुरुदत्तने कॅसेट मागे फिरवली आणि हळूहळू पुढे घेतली. "आता नीट बघा, बाबा. हात बघा त्यांचा."

मी बघितलं. ओव्हाळ समोरच्या दारातून निघतात. जिन्याशेजारून येतात. आमच्या दाराशी येऊन थांबतात. दार उघडतं, ते पुढे होतात आणि त्यांचा उजवा हात वर येतो, सरळ वर, कॅमेऱ्याच्या रोखाने. पुढच्याच क्षणी चित्र फाटतं. गुरुदत्तने आदल्या दिवसाची कॅसेट लावली. हात वर येतो. चित्र फाटतं.

"हात वर घालून काहीतरी हलवतात ते. मुद्दाम."

"पण आपण घरात असताना कशाला? आत आल्यावर आपण त्यांना बघतोच की."

"सवय लावताहेत आपल्याला. हे चित्र असंच फुटतं, असं आपल्या डोक्यात बसलं पाहिजे. मग आपण घरात नसताना फुटलं तरी कुणी काही म्हणणार नाही."

हे त्याने चांगलं मांडलं. मांडणी चांगली असली की माझं काही चालत नाही. पुस्तकांतही मी नेहमी शेवटच्या बोलणाऱ्याच्या बाजूने होतो.

दिवाळीत आम्ही कोल्हापूरला शालूच्या बहिणीकडे जाणार होतो. "त्याच्या आत किल्ली परत घ्या," गुरुदत्त निघताना म्हणाला. "नाहीतर मी येऊन मागतो."

"काय सांगून मागू?"

"सांगा, कुलूप बदलतोय."

तो गेल्यावर शालू म्हणायची, "मला नाही हो वाटत, ते असं काही करतील," आणि म्हणता म्हणता देव्हाऱ्याच्या खणाला कुलूप लावायची. मी दिवसभर टीव्हीसमोर बसू लागलो. हातात पुस्तक, नजर पडद्यावर. ओव्हाळ त्यांच्या दारात उभे राहून आमच्या दाराकडे बघायचे. पूर्वीही बघत असतील, पण पूर्वी मला ते दिसत नव्हतं. एकदा त्यांनी मान वर करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं, बराच वेळ. एकदा त्यांच्या पत्नी मीराबाई बाहेर आल्या, त्यांच्या कानाशी काही बोलल्या आणि दोघं आत गेली. काय बोलल्या असतील? मी नाना वाक्यं रचून पाहिली आणि प्रत्येक वाक्यात करंडा होता.

किल्ली मागायचं वाक्यही मी तयार केलं. "ओव्हाळ, ते जरा कुलूप बदलायचं म्हणतोय." बोळात उभा राहून ते मी पुटपुटायचो. संध्याकाळी ओव्हाळ यायचे, बसायचे, पूर्वीपेक्षा कमी बोलायचे. माझं वाक्य बोळातच राहायचं. ते कारण विचारतील याची मला भीती नव्हती. ते विचारणार नाहीत याची होती. 'बरं' म्हणून किल्ली आणून देतील. कारण त्यांना आधीच माहीत असेल. माझ्याआधी कितीतरी लोकांनी ते त्यांना कळू दिलं असेल.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच, मनुबाई आली. मनुबाई खाडीवरची कोळीण, आमच्या घरी मासळी तीच देते. ती बाहेर बसून मासळी विकत नाही, पाटी जिन्यातच उतरवून उंबऱ्याच्या आत, बोळात सरकवते आणि शालूशी भांडते. मी सवयीने टीव्हीसमोर.

"बोंबील कसले गं हे, मनुबाई? डोळे बघ त्यांचे."

"त्यांचं डोळं कनाला बगतेस? तुला खायाचंय का लगीन लावायचंय?"

शालू हसली, भाव पाडला, घेतलं. मग मनुबाई म्हणाली, "चल, हात लाव गो पाटीला." शालूने हात लावला असणार, कारण मनुबाईचं 'हुं' ऐकू आलं. आणि चित्र फुटलं.

मी पुस्तक टाकलं. तशाच चिरफळ्या, तशाच पांढऱ्या रेघा. ओव्हाळ त्यांच्या घरात होते. समोरचं दार बंद आहे हे मी आत्ताच बघितलं होतं.

मी बोळाकडे धावलो. धावताना टीपॉय पाडलं. मनुबाई उंबऱ्यात उभी होती, डोक्यावर पाटी. पाटीची कड दसऱ्याच्या तोरणात अडकली होती आणि सुकलेली झेंडूची फुलं तिच्या मासळीत गळत होती.

"तोरन हाय का फास लावलाय?" ती म्हणाली.

"मनुबाई, हलू नका!" मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. दोघी दचकल्या. "नाही, हला. म्हणजे एकदा खाली वाका. आता उभ्या राहा. शालू, तू टीव्हीसमोर जा. काय दिसतं ते सांग."

"काय दिसायचंय?"

"जा गं!"

मनुबाई वाकली. "नीट आहे," आतून शालू म्हणाली. मनुबाई उभी राहिली. "फुटलं!" पुन्हा वाकली. "नीट!" पुन्हा उभी राहिली. "फुटलं!"

"मास्तर," मनुबाई म्हणाली, "मना नाचवायची आसंल तर ढोलकी तरी आन."

ती गेल्यावर मी स्टूल आणलं. भिंत धरून चढलो. दसऱ्याच्या सकाळी तोरण बांधायला मी याच स्टुलावर चढलो होतो. जुने खिळे गुरुदत्तच्या पट्टीखाली गेले होते, म्हणून मी दोन नवे ठोकले होते, खलातल्या बत्त्याने, माझा हात पुरेल तिथे, म्हणजे त्याच पट्टीवर. ओव्हाळ नागपूरला नसते तर तोरण त्यांनी वर झरोक्याच्या गजाला बांधलं असतं. मी तोरण सोडलं आणि चिमट्याने खिळा उपटला. भोकात वायरचं काळं आवरण फाटलेलं दिसत होतं आणि आत तांब्याची तार चमकत होती. तोरणाला धक्का लागला की खिळा हलायचा आणि खिळा हलला की चित्र फुटायचं. आमच्याकडे येणाऱ्यांत तोरणाला डोकं लागेल एवढा उंच माणूस एकच होता. तो बिचारा आत येताना हाताने ते बाजूला सारत होता.

"म्हणजे हे तुम्ही केलंत?" शालू म्हणाली.

"हो."

"आणि आपण त्यांना..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

मी गुरुदत्तला फोन केला. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बरं, खिळा तर खिळा. पण करंडा गेला तो गेलाच ना?"

"गेला."

"तो कोणी नेला?"

"मला माहीत नाही."

"मग किल्ली?"

"किल्ली तिथेच राहील," मी म्हणालो आणि तो पुढे काय म्हणतो ते न ऐकता फोन ठेवला. असं मी त्याच्याशी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी बेल वाजली. मी टीव्हीसमोर होतो. ओव्हाळ पडद्यावर आले, पायांपासून डोक्यापर्यंत सलग, आणि त्यांचा हात सवयीने वर गेला. वर तोरण नव्हतं. हात रिकाम्या हवेत फिरून खाली आला.

ते हॉलमध्ये आले. ट्रान्झिस्टर आणला नव्हता. खिशातून किल्ली काढून त्यांनी टीव्हीवर ठेवली.

"कोल्हापूरला चाललात ना. ही असू द्या तुमच्याकडे. मीरा म्हणाली, देऊन टाका. त्यांना मागायला जड जातंय."

माझ्याकडे तयार केलेलं एकच वाक्य होतं, कुलपाचं, आणि ते आता उपयोगाचं नव्हतं. खिळ्याचं सांगावं तर आम्ही काय समजत होतो तेही सांगावं लागणार होतं. न सांगावं तर किल्ली टीव्हीवरच राहणार होती. मी उठलो आणि व्हीसीआरमध्ये जुनी कॅसेट घातली.

पडद्यावर ओव्हाळ आले. त्यांनी हात वर केला. त्यांचे तुकडे झाले.

"हा मी?" त्यांनी विचारलं.

"हो. खिळा वायरीत गेला होता. तोरणाचा. मीच ठोकला होता. आज कळलं."

ते पडद्याकडे बघत राहिले. मी पुन्हा मागे घेऊन दाखवावं असं त्यांनी खुणेने सांगितलं. मी दाखवलं.

"इतके दिवस तुम्ही असं बघत होतात मला."

शालू स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी होती.

"करंडा मिळाला का, वहिनी?"

"नाही, भाऊजी."

"हं," ओव्हाळ म्हणाले. त्यांनी कॅसेट थांबायची वाट बघितली, मग ते वळले आणि गेले. समोरचं दार लागताना पडद्यावर दिसलं. चित्र अगदी स्वच्छ होतं.

किल्ली टीव्हीवर होती. मी पुस्तक उघडलं, एक पानही पुढे गेलो नाही. मला सुचत गेलं ते असं: करंड्याचं मला आजही काही माहीत नाही. उद्या कळेल किंवा कधीच कळणार नाही. कॅमेऱ्याने ओव्हाळांवर आळ आणला नव्हता आणि आज त्याने त्यांना निर्दोष ठरवलं असंही नव्हतं. ते ठरवायचं होतं मी, आणि त्यासाठी बघायला काहीही नव्हतं. आणखी एक सुचलं. रोज ते आमच्याकडे यायचे म्हणून रोज त्यांचंच चित्र फुटलं. मी त्यांच्याकडे शेवटचा कधी गेलो होतो?

मी किल्ली उचलली. जिन्याशेजारची ती मोकळी जागा ओलांडताना आपली पाठ टीव्हीवर दिसत असेल, हे मला जाणवत होतं. मी बेल वाजवली.

मीराबाईंनी दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून पलीकडे, आमच्या कॅमेऱ्याकडे.

"आत येता का भाऊ, की तिथूनच बोलणार? रेकॉर्ड होत असेल."

"आत येतो."

ओव्हाळ खुर्चीत बसले होते. ट्रान्झिस्टर मांडीवर, बंद. मी किल्ली पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"ही इथे असू द्या," मी म्हणालो. "आम्ही सोमवारी निघतो. तुळशीला पाणी..."

"गुरूला विचारलंत?"

"त्याला सांगितलं."

"आणि अजून काही गेलं तर?"

"गेलं तर गेलं."

ओव्हाळांनी तसबिरीकडे बोट केलं. "जागा माहीत आहे तुम्हाला. लावा."

तसबिरीशेजारचा खिळा रिकामा होता. मी टाचा उंचावल्या, हात ताणला. खिळा वीतभर वर राहिला. त्यांच्या हाताच्या उंचीला ठोकलेला तो. मी पुन्हा प्रयत्न केला. ते उठले नाहीत.

"काय बाई तऱ्हा," मीराबाई म्हणाल्या आणि आतून स्टूल आणून त्यांनी माझ्या पायाशी आपटलं. "चढा."

स्टुलाचा एक पाय आखूड होता. मी चढलो तसं ते डुगडुगायला लागलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी खिळ्याकडे बघत किल्लीची कडी त्यात अडकवत होतो. स्टूल डुगडुगायचं थांबलं. कुणी धरलं होतं की ते आपोआपच स्थिरावलं होतं, ते मी खाली वळून पाहिलं नाही.